१ जानेवारी १९७०ला घरी गेलेली मुलगी

पीएचपीचं नाव काढलं की आमच्या वर्गातली हुशार मंडळी नाक मुरडतात. "अजून कोण वापरतं ते?" असं विचारतात आणि दुसऱ्या मिनिटाला असाइनमेंटची उत्तरं शोधायला विकिपीडिया उघडतात. विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो ते मीडियाविकी पीएचपीतच लिहिलेलं आहे, हे त्यांच्या गावी नसतं. असो. प्लेसमेंटच्या बाजारात पायथनला भाव आहे, त्यामुळे बिचाऱ्या पीएचपीकडे कोण बघणार! पण मित्रमैत्रिणींनो, आपल्या लेडीज हॉस्टेलच्या मेसचं बिल पीएचपी काढतं. ते कसं काढतं हे बघायची वेळ माझ्यावर आली, त्याची ही हकीकत.

आधी माझ्या मराठीबद्दल दोन शब्द. मी कॉन्व्हेंटची. शाळेच्या फाटकाच्या आत मराठी बोललं की एक रुपया दंड, आणि तो ज्या डब्यात टाकायचा त्यावर येशूचं चित्र. म्हणजे पाप आणि प्रायश्चित्त एकाच जागी! घरी आजीशी मराठी, रिक्षावाल्या काकांशी मराठी, फाटकातून आत गेलं की ती भाषा गायब. संध्याकाळी बाहेर आलं की पुन्हा हजर. पुढे सेकंड इयरला सरांनी 'व्हेरिएबल स्कोप' शिकवायला घेतला तेव्हा बाकीच्यांना तो अवघड गेला. मला नाही गेला. मी दहा वर्षं तो जगत होते.

आता मूळ गोष्ट. ऑगस्ट २०२४चं मेसबिल सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागलं. आमच्या शेजारच्या रूममध्ये लातूर जिल्ह्यातली एक मुलगी आहे, सिव्हिलची. तिला सगळी विंग लातूरकरीण म्हणते, मीही तेच म्हणते. तिच्या वडिलांचं ऑपरेशन होतं म्हणून ती १३ तारखेला घरी गेली ती ३१ला रात्री परतली. एकोणीस खाडे. दिवसाला नव्वद रुपये धरले तर सतराशे दहा रुपये वजा व्हायला हवेत. बिल मात्र पूर्ण एकतीस दिवसांचं, दोन हजार सातशे नव्वद! ऑफिसात गेली तर उत्तर मिळालं, "सिस्टीममध्ये तुझा खाडा दिसत नाही." तिच्याकडे अर्जाची पोच होती, आवकचा शिक्का आणि सही असलेली. तरी, "पण सिस्टीममध्ये नाही ना." त्यात एकाने हळूच म्हटलं, की पोचेवर तारीख नंतर घालता येते.

पैशाचं तर होतंच. सोयाबीन अजून शेतात उभं, वडील अंथरुणाला, त्यात सतराशे रुपये म्हणजे थट्टा नव्हे. परीक्षेचा फॉर्म भरायला नो-ड्यूज लागतो आणि त्याला चार दिवस राहिले होते. पण ती रडली ते त्या पोचेवरच्या वाक्यामुळे. "मी काय खोटी आहे का गं?" एवढंच म्हणाली.

मी रेक्टर मॅडमना भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू कॉम्प्युटरची ना? मग तूच बघ. कागद खरा की सिस्टीम खरी, ते मला कारणासकट सांग." आणि ऑफिसच्या मागच्या खोलीतली खुर्ची, एक जुना मॉनिटर आणि पासवर्डची चिठ्ठी माझ्या स्वाधीन केली.

प्रोग्राम कुणा जुन्या सीनियरने लिहिलेला. नाव कुठेच नाही. पण माणूस मजेशीर असावा, कारण कोडमध्ये जागोजागी मराठीत शेरे. "इथून पुढे देवाच्या भरवशावर." "ह्याला हात लावू नये." "मेसच्या काकांनी सांगितलं म्हणून, मला पटलेलं नाही." मला हे फार आवडलं. तसं मातृभाषा मध्ये घुसवण्याची परंपरा खुद्द पीएचपीतच आहे. ही भाषा १९९४ साली रास्मुस लेरडॉर्फ याने केली, ती आपला ऑनलाइन बायोडाटा किती जण बघतात हे मोजण्यासाठी. नावही साधं, पर्सनल होम पेज. नंतर इस्राएलमधल्या हैफाच्या टेक्नियन संस्थेतल्या झीव सुरास्की आणि अँडी गटमन्स या दोन विद्यार्थ्यांना कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ती अपुरी पडली, म्हणून त्यांनी तिचा गाभाच नव्याने लिहिला. १९९८ची तिसरी आवृत्ती ती हीच. (आपण प्रोजेक्ट अपुरा पडला की काय करतो ते इथे लिहीत नाही, गाइड वाचतील.) त्या दोघांनी दोन विसर्गचिन्हांसारख्या दिसणाऱ्या खुणेला हिब्रूतलं नाव दिलं, 'पामायिम नेकुदोतायिम'. जगभरच्या प्रोग्रामरांच्या स्क्रीनवर वर्षानुवर्षं हा शब्द एररमध्ये उगवायचा आणि लोक चक्रावून जायचे. त्यांच्या शाळेत दंडाचा डबा नसावा!

पहिल्या रात्री मी एकच काम केलं. लातूरकरणीच्या खाड्याची नोंद प्रोग्रामच्या आत नक्की कशी दिसते ते बघितलं. याला व्हार-डंप नावाचं एक फंक्शन आहे. कुठलीही गोष्ट त्याच्या पुढ्यात टाकली की ती काय जातीची आहे आणि तिच्या पोटात काय आहे हे सगळं ओकून दाखवतं. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे बरं. स्क्रीनवर आलं ते असं: टाइप केलेली तारीख १३/०८/२०२४, प्रोग्रामला कळलेली तारीख 'फॉल्स'. आणि रिपोर्टमध्ये छापली जात होती ती तारीख ०१-०१-१९७०.

म्हणजे सिस्टीमच्या मते लातूरकरीण १ जानेवारी १९७०ला घरी गेली आणि १ जानेवारी १९७०लाच परत आली. तेव्हा तिचे वडीलही जन्मले नव्हते.

हे असं का होतं ते सांगते. कॉम्प्युटरला तारीख कळत नाही, त्याला आकडा कळतो. युनिक्सच्या जगात १ जानेवारी १९७०ची मध्यरात्र, तीही ग्रिनिचची, म्हणजे शून्य. तिथून किती सेकंद झाले ते मोजत जायचं. आपल्या घड्याळात तो क्षण पहाटे साडेपाचचा. आता टाइप केलेल्या तारखेवरून हा आकडा काढायला पीएचपीत स्ट्र-टू-टाइम नावाचं फंक्शन आहे. ते फार लाघवी आहे. 'टुमॉरो' लिहा, 'नेक्स्ट मंडे' लिहा, कळतं त्याला. पण त्याची एक खोड आहे. तारखेच्या मध्ये आडवी रेघ दिली, १३-०८-२०२४, तर ते आपल्यासारखं वाचतं, आधी दिवस मग महिना. तिरकी रेघ दिली की ते अमेरिकन होतं, आधी महिना मग दिवस! १३/०८ म्हणजे तेरावा महिना. तेरावा महिना नाही, म्हणून उत्तर फॉल्स. फॉल्सचा आकडा धरला तर शून्य. शून्याची तारीख १ जानेवारी १९७०. आणि शून्यातून शून्य गेलं की राहिलेले खाडे, शून्य. कुठेही एरर नाही, कुठेही लाल अक्षरं नाहीत. बिल अगदी नीटनेटकं छापून येतं.

इथे मला खरी भीती वाटली, कारण फॉल्स निदान सापडतो तरी. १२ तारखेच्या आतल्या तारखांचं काय? मी यादी काढली. एक मुलगी ४ ऑगस्टला गेली होती आणि १० तारखेपर्यंतचा खाडा लावला होता, म्हणजे सात दिवस. सिस्टीमने ०४/०८ म्हणजे ८ एप्रिल वाचलं आणि १०/०८ म्हणजे ८ ऑक्टोबर. एप्रिल ते ऑक्टोबर बाई हॉस्टेलवरच नाहीत! त्यातला ऑगस्टचा भाग कापून घेतला तर पूर्ण एकतीस खाडे. बिल शून्य. तिने तक्रार केली नाही, हे सांगायला नकोच.

सप्टेंबरच्या नोंदी तर आधीच भरून ठेवलेल्या. गणपतीला घरी जाणाऱ्यांची रांग मोठी असते. २०२४ला गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, गौरींचं विसर्जन १२ला, अनंत चतुर्दशी १७ला. समजा सगळ्या ६ तारखेला निघाल्या. ०६/०९ म्हणजे सिस्टीमचा ९ जून. गौरी विसर्जनापर्यंत, म्हणजे १२/०९पर्यंत खाडा लावणारीचा शेवट ९ डिसेंबरला, म्हणजे तिला आख्खा सप्टेंबर फुकट. अनंत चतुर्दशीपर्यंत राहणारीचा १७/०९ म्हणजे सतरावा महिना, फॉल्स, शेवट सुरुवातीच्या आधी आला म्हणून हिशोब उणे, आणि उणे आलं तर शून्य धर असं सीनियरने लिहून ठेवलेलं. तिला एकही खाडा नाही. ज्यांच्या घरी गौरीगणपती त्या मजेत, ज्यांच्या घरी दहा दिवसांचा त्या भुर्दंडात. बाप्पांनाही हे आवडलं नसतं.

आता प्रश्न असा, की इतकी वर्षं हे कसं चाललं? त्याचं उत्तर कोडमध्ये नव्हतं. ऑफिसातले जुने क्लार्क काका जुलैअखेर रिटायर झाले आणि त्यांच्या जागी ऑगस्टमध्ये एक ताई आल्या. दोघांच्या नोंदी शेजारी शेजारी लावल्या, तर काकांच्या सगळ्या तारखा आडव्या रेघेच्या आणि ताईंच्या तिरक्या. मी काकांना फोन लावला. ते म्हणाले, "हो तर! आडवीच द्यायची बाळा. तिरकी दिली की रुसतंय ते. मला कुणी विचारलंच नाही जाताना." आणि मग सहज म्हणाले, "आणि शेवटचं बिल हाताने करतायत ना?"

मी म्हटलं, "कुठलं शेवटचं?"

"यादीतलं शेवटचं. ते नेहमी चुकतं. मी पेनाने दुरुस्त करायचो."

ताईंचा यात काडीचा दोष नाही, हे मी रेक्टर मॅडमना पहिल्यांदा सांगितलं. आपण सगळे शाळेत तिरक्या रेघेनेच तारीख लिहितो. मराठी शाळा असो की कॉन्व्हेंट, वहीच्या कोपऱ्यात तिरकी रेघच. दोष असेल तर तो माणसाने लिहिलेलं तपासून न घेणाऱ्या चार ओळींचा. त्या बदलल्या. आता क्रिएट-फ्रॉम-फॉरमॅट वापरलंय, म्हणजे आपणच आधी सांगायचं की पहिला दिवस, मग महिना, मग चार आकडी वर्ष. हेही साधं नाही बरं का. ३१/०२ दिलं तर ते नाही म्हणत नाही, पुढे सरकून मार्चमधली तारीख देतं, आणि इशारा बाजूला ठेवून देतं. तो इशारा आपण होऊन विचारावा लागतो. शिवाय फॉरमॅटच्या आधी उद्गारचिन्ह दिलं नाही तर तारखेला आत्ताची वेळ चिकटते. मी दोन्ही केलंय, आणि वाचता न येणारी तारीख आली तर नोंदच घेऊ नको असंही सांगितलंय.

लातूरकरणीचं काम एवढ्यावर झालं होतं. तिचं बिल एक हजार ऐंशीवर आलं. पण काकांचं ते शेवटचं बिल डोक्यातून जाईना.

दुसऱ्या रात्री ती माझ्यासोबत त्या मागच्या खोलीत येऊन बसली. डब्यात चिवडा घेऊन. "काय करायलीस ते मला मराठीत सांग," म्हणाली. "मधी मधी इंग्रजी फेकू नकोस." आली का पंचाईत! माझं सगळं शिक्षण इंग्रजीतलं. पण सांगायला लागले तसं एक कळलं, की जी गोष्ट मला मराठीत सांगता येत नव्हती ती मला इंग्रजीतही धड समजलेली नव्हती, नुसती पाठ होती.

तर शेवटच्या बिलाची गंमत अशी. यादीतल्या शेवटच्या मुलीच्या नावाने दर महिन्याला तिच्या आधीच्या मुलीचं बिल छापलं जायचं. नाव, रूम, खाडे, रक्कम, सगळं आधीचीचं. यादी ॲरेमध्ये. ॲरे म्हणजे खणाखणांचं कपाट, एका खणात एका मुलीची माहिती. या कपाटावरून प्रोग्राम दोन फेऱ्या मारतो. पहिल्या फेरीत प्रत्येक बिलात गॅस आणि भांड्यांचा आकार मिळवायचा, दुसऱ्या फेरीत बिलं छापायची. या फेरीला फॉर-ईच म्हणतात. साधं फॉर-ईच प्रत्येक खणातल्या वस्तूची नक्कल हातात देतं. पण पहिल्या फेरीत मूळ माहितीच बदलायची होती, म्हणून सीनियरने व्हेरिएबलच्या आधी ते अँडचं चिन्ह लावलं. मग हातात नक्कल येत नाही, खणाचा ताबाच येतो.

लातूरकरीण म्हणाली, "म्हणजे सातबाऱ्याचा उतारा मिळणं निराळं आणि तलाठ्याच्या दप्तरातलं मूळ पानच हातात असणं निराळं."

अगदी तसं! रेफरन्स म्हणजे काय हे मला चार पुस्तकांनी सांगितलं, पण असं कुणी नाही.

आता फेरी संपली. सी किंवा जावा असतं तर फेरीत जन्मलेलं व्हेरिएबल फेरीबरोबर मेलं असतं, निदान तसं लिहिता तरी येतं. पीएचपीत महिरपी कंसाला हद्द नाही. हद्द असते ती फंक्शनला. फेरी संपली तरी ते व्हेरिएबल जिवंत राहतं, आणि त्याच्या हातात शेवटच्या खणाचा ताबा तसाच राहतो. दुसऱ्या फेरीत सीनियरने तेच नाव पुन्हा वापरलं. मग काय होतं बघा. दुसरी फेरी पहिल्या मुलीची माहिती त्या व्हेरिएबलमध्ये ठेवते, म्हणजे प्रत्यक्षात शेवटच्या खणात लिहिते. मग दुसऱ्या मुलीची लिहिते. मग तिसरीची. असं करत करत शेवटून दुसऱ्या मुलीची माहिती शेवटच्या खणात जाऊन बसते. आणि शेवटच्या खणापाशी येईपर्यंत तिथली मूळ मुलगी पुसली गेलेली असते. बाकी सगळी यादी बरोबर, फक्त शेवटची चूक. उपाय एका ओळीचा. पहिली फेरी संपल्या संपल्या त्या व्हेरिएबलला अनसेट करायचं, म्हणजे मूळ पान परत देऊन टाकायचं.

हे आम्हाला पहाटे दोनला सापडलं. लातूरकरणीला इतका आनंद झाला की तिने चिवड्याचा डबा पालथा केला. काका मात्र किती वर्षं ते एक बिल पेनाने लिहीत होते कोण जाणे. त्यांना कळवलं तर म्हणाले, "मग आता ते पेन कशाला लागेल!" मला जरा वाईटच वाटलं.

ॲरेच्या खणांची आणखी एक तऱ्हा तिथे बघायला मिळाली. महिन्यांच्या नावांची यादी होती, '०१'ला जानेवारी, '१२'ला डिसेंबर. वर शेरा, "जानेवारीत बंद पडलं होतं, का ते कळलं नाही, आता चालतंय, हात लावू नये." कारण असं आहे. खणाच्या चिठ्ठीवर '१०' लिहिलं तर पीएचपी त्याला आकडा दहा समजतं, पण '०८' लिहिलं तर पुढच्या शून्यामुळे तो मजकूरच राहतो. मग शून्याशिवायचा आठ घेऊन शोधायला गेलं की खण सापडत नाही. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर सुरळीत, जानेवारीला ठप्प. सीनियरने प्रोग्राम ऑक्टोबरात लिहिला असणार, माझी पैज. त्याने नंतर दोन्ही प्रकारच्या चिठ्ठ्या लावून ठेवल्यात. मी हात लावला नाही.

आता हद्दीचा विषय निघालाच आहे तर एक नंबर रूमची गोष्ट सांगते. एक नंबरमधल्या मुलीची जुनी तक्रार, की पाहुण्यांच्या जेवणाचे पैसे फक्त तिलाच लागतात. तिचे आईबाबा आले, दोन ताटं झाली, बिलात दोन ताटं. बाकी कुणाचे काका, मामा, अख्खं वऱ्हाड येऊन गेलं तरी बिलात शून्य. सगळ्या तिला हसायच्या. ती खरं बोलत होती.

पाहुण्यांचा हिशोब करणारं एक वेगळं फंक्शन आहे, ते मागाहून कुणीतरी जोडलेलं. पीएचपीच्या फंक्शनला बाहेरचं काही दिसत नाही. सीमध्ये वर लिहिलेलं व्हेरिएबल खालच्या फंक्शनांना आपोआप दिसतं, जावास्क्रिप्टमध्येही दिसतं. पीएचपीत नाही. एक तर ग्लोबल म्हणून दाखल करून घ्या, नाहीतर कंसातून आत पाठवा. लातूरकरणीच्या भाषेत, "आमच्या ठाण्याच्या हद्दीत येत नाही, तिकडं जावा." पाहुण्यांचा दर एका वेगळ्या फाइलमध्ये होता. जोडणाऱ्याने ती फाइल फंक्शनच्या आत इन्क्लूड-वन्सने मागवली. फंक्शनच्या आत मागवलेल्या फाइलमधली व्हेरिएबलं त्या फंक्शनच्या हद्दीत जन्मतात आणि फंक्शन संपलं की जातात. आणि वन्स म्हणजे एकदाच. पहिल्या मुलीच्या वेळी फाइल आली, दर मिळाला, हिशोब झाला. दुसऱ्या मुलीच्या वेळी फाइल म्हणते मी एकदा येऊन गेले, दर मात्र गेलेला. नसलेला दर म्हणजे शून्य. यादी रूम नंबरप्रमाणे, म्हणून पैसे फक्त एक नंबरला!

वाईट म्हणजे सर्व्हर हे सांगत होता. पीएचपीच्या आठव्या आवृत्तीपासून नसलेलं व्हेरिएबल वापरलं की नुसती नोटीस नाही, वॉर्निंग येते. पण स्क्रीनवर एरर दाखवणं बंद केलेलं (ते बरोबरच आहे, बाहेरच्याला कशाला दाखवायचं), आणि लॉगची फाइल कुणी उघडलेली नव्हती. मी उघडली तर एकच ओळ, पानंच्या पानं, दर महिन्याला प्रत्येक मुलीमागे एक. एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखं ते बिचारं तेच तेच सांगत बसलेलं.

वेळेचाही एक घोळ निघाला, तो लहान आहे. नोंदींच्या वेळा बघून अकाउंट्सच्या सरांना प्रश्न पडला होता, की ताई पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी नोंद कुठून करतात? ताई करत होत्या सकाळी दहा-चाळीसला. सांगितलं नाही तर पीएचपी यूटीसी धरतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. एका ओळीत आशिया/कोलकाता लिहिलं की झालं. मुंबईचं नाव तिथे नाही म्हणून मुंबईकरांनी रागावू नये. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाल्यावरही मुंबईने एकोणचाळीस मिनिटं मागे असलेलं आपलं वेगळं घड्याळ १९५५पर्यंत चालवलं होतं. आपलीही हद्द होतीच की!

चौथ्या दिवशी मी रेक्टर मॅडमना दोन पानं लिहून दिली. मराठीत, कारण ऑफिसात ती सगळ्यांना वाचायची होती. पहिल्या ओळीत लिहिलं, कागद खरा आहे. मॅडमनी ते वाचलं, लातूरकरणीला बोलावलं आणि ज्यांनी पोचेवर शंका घेतली होती त्यांच्यासमोर तिला नो-ड्यूज दिला. कुणी माफी वगैरे मागितली नाही. पण ती पोच तिने टाकून दिलेली नाही, ट्रंकेत ठेवलीय. फॉर्म त्याच दिवशी भरला. ऑगस्टची सगळी बिलं नव्याने निघाली. शून्य बिलवाल्या मुलीने पैसे भरले, जरा कुरकुरत.

पुढे हे काम ज्या ज्युनियरकडे जाईल तिच्यासाठी: पासवर्ड रेक्टर मॅडमकडे आहे, लॉगची फाइल दर सोमवारी उघड, आणि काकांचा नंबर कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. त्यांना फोन केलेला आवडतो. सीनियरच्या शेऱ्यांखाली मी माझेही दोन-चार शेरे घातलेत, मराठीतच. दंड बसला तर भरीन.

पाहुण्यांच्या ताटाचे पैसे त्या ऑक्टोबरपासून सगळ्या रूमना लागू झाले. एक नंबरची सोडली तर आख्खं हॉस्टेल त्यासाठी मला शिव्या घालतं.